शंभरातल्या ऐंशीचा हिशेब

बेंगळुरूच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी तयार कपड्यांचेही कारखाने आहेत आणि तिथे शिलाई मशिनवर बसलेल्या बहुतेक बायकाच. तासाला इतके नग, असं टार्गेट. मॅमोग्राफीसाठी दवाखाना गाठायचा तर दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. अशा बाईला कुणी म्हटलं, ‘नळीभर रक्त द्या, येत्या काही वर्षांत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका किती ते सांगतो’, तर ती नाही कशाला म्हणेल? आयसीएमआरच्या २०२० च्या अहवालानुसार बेंगळुरूत दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ४० जणींना हा रोग होतो. देशातल्या वरच्या आकड्यांपैकी हा एक.

ही कल्पना हवेतली नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ ते १९९७ या काळात पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे ५७ हजार स्त्री-पुरुषांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं गेलं आणि पुढची वीसेक वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद होत राहिली. कोपनहेगन विद्यापीठाच्या रासमुस ब्रो आणि सहकाऱ्यांनी त्यातून रक्त देताना ठणठणीत असलेल्या, पण पुढे दोन ते सात वर्षांत स्तनाचा कर्करोग झालेल्या ४०० जणी निवडल्या. शिवाय तो न झालेल्या ४००. गंमत म्हणजे ब्रो हे डॉक्टर नव्हेत. अन्नपदार्थांच्या रासायनिक मोजमापांतून गणिताने अर्थ काढणं हे त्यांचं क्षेत्र.

रक्तद्रवात हजारो लहान रेणू तरंगत असतात: अमिनो आम्लं, साखर, चरबीचे घटक, यकृताने मोडलेले पदार्थ, कालच्या जेवणाचा अंश. यांनाच चयापचयजन्य पदार्थ किंवा मेटाबोलाइट म्हणतात. एनएमआर यंत्राच्या शक्तिशाली चुंबकात रक्ताचा नमुना ठेवला की प्रत्येक प्रकारचा रेणू आलेखावर आपापल्या जागी शिखरं उमटवतो. ब्रो यांनी त्यातला एखादाच गुन्हेगार रेणू शोधला नाही. सगळा आलेख, त्याला वय, वजन, सवयी यांची जोड, आणि या सगळ्याचा मिळून बनणारा नमुना गणिताला ओळखायला लावला. २०१५ साली निष्कर्ष आला: अचूकता सुमारे ८० टक्के.

ऐंशी टक्के ऐकून वर्तमानपत्रं खूश झाली. पण त्या अभ्यासात निम्म्या स्त्रिया पुढे आजारी पडलेल्या होत्या. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्यांत तसं नसतं. समजा, दहा हजार बायकांपैकी पुढच्या सात वर्षांत ५० जणींना हा रोग होणार आहे. चाचणी त्यातल्या ४० अचूक हेरेल, दहा निसटतील. उरलेल्या ९,९५० निरोगी बायकांपैकी वीस टक्के, म्हणजे १,९९० जणींनाही ती ‘धोका’ असल्याचं सांगेल. एकूण २,०३० घाबरलेल्या बायका, आणि खरा धोका त्यांतल्या ४० जणींना. बाकीच्यांच्या फेऱ्या, तपासण्या, बुडालेली मजुरी आणि घरातली कुजबुज यांचा हिशेब कोण ठेवणार?

पुढे युरोपातल्या ‘एपिक’ या मोठ्या अभ्यासाने २०१९ मध्ये १,६२४ रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रियांच्या रक्तातले १२७ घटक ताडून पाहिले. संप्रेरकांच्या गोळ्या न घेणाऱ्यांत एसिटिलकार्निटिन जास्त तर धोका थोडा अधिक, आर्जिनिन जास्त तर थोडा कमी, असे दुवे सापडले. रोगाची सुरुवात समजून घ्यायला ते मोलाचे. पण एकेकीला तिचं भविष्य सांगायला पुरेसे नाहीत.

शिवाय युरोपीय शरीरावर बेतलेलं सूत्र आपल्याकडे जसंच्या तसं चालेल हे गृहीत धरता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. चयापचयात एवढा फरक असेल तर इथल्या बायकांचं रक्त इथेच, वर्षानुवर्षं, जपून ठेवावं लागेल. असं काम तीन वर्षांच्या प्रकल्पात उरकत नाही.

रक्तचाचणी म्हटली की सगळ्या एकाच माळेत ओवल्या जातात, तेही बरं नाही. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या ज्या चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला, ती रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते. म्हणजे आज असलेला रोग. बेंगळुरूतच डॉ. मंजिरी बाकरे यांच्या ऑन्कोस्टेमची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ तर रक्ताची नव्हेच. ती काढलेल्या गाठीवर होते आणि रोग उलटण्याचा धोका सांगते.

आणि मुंबईत एक बिनयंत्राचा प्रयोग पार पडलेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन तो सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी निकाल मांडला. पुढच्या टप्प्यातले कर्करोग तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र मृत्यूंत फरक पडला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, असं केंद्र सरकारचं २०१६ चं धोरण सांगतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरात एकीचीही ती झालेली आढळली नाही. पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उपचारांची खोली आणि परिचारिका असावी, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घातली होती. पीण्यातल्या मोठ्या शिलाई कारखान्यांत या तपासणीसाठी नवी जागा शोधायची गरज नाही. कामाच्या पाळीतली दहा-पंधरा मिनिटं टार्गेटमधून वजा करावी लागतील, एवढंच.