मोठ्याने आधी वाकावे

शारदीय नवरात्राची पाचवी माळ चढली की करवीर नगरीची पावले पूर्वेकडील टेकडीकडे वळतात. अश्विन शुद्ध पंचमी, अर्थात ललितापंचमी, हा अंबाबाई आणि त्र्यंबोली यांच्या भेटीचा दिवस. आई अंबाबाईची पालखी लवाजम्यासह त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हस्ते कोहळ्याचा विधी होतो आणि फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. कोल्हापुरातील लहान मुलासही हा सोहळा ठाऊक आहे. परंतु या भेटीचे कारण घरोघरी तितकेसे आठवले जात नाही.

कथा अशी सांगतात की, कामाक्ष नावाच्या दैत्याने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्या संकटातून त्र्यंबोलीने सर्वांना सोडविले. पुढे विजयाचा उत्सव मांडला गेला, आणि जिच्यामुळे तो दिवस दिसला तिलाच बोलावणे करावयाचे राहून गेले! त्र्यंबोली रुसली आणि पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. ही चूक ध्यानी येताच महालक्ष्मीने काय केले? दूत धाडला नाही, की "राग ओसरला की येईल आपोआप" असे म्हणून ती स्वस्थ बसली नाही. ती स्वतः निघाली. जिच्या दाराशी अवघे जग येते, ती रुसलेलीच्या दाराशी गेली. आजही प्रतिवर्षी जाते.

वाचकहो, ही कथा आम्ही पस्तीसएक वर्षे कीर्तनातून सांगत आलो. मोठ्याने आधी वाकावे, असे तिचे तात्पर्य सांगून श्रोत्यांच्या माना डोलविल्या. आणि त्याच काळात आमची स्वतःची धाकटी बहीण मिरजेत सात वर्षे आमच्यावर रुसून बसली होती, हे आज आम्हांस लज्जेने नमूद करावे लागत आहे.

कारण घडले ते असे. तिच्या कन्येने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि आपल्याच व्यवसायातील एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह ठरविला. निमंत्रण घेऊन बहीण स्वतः आमच्याकडे आली होती. विवाहात मामाचे स्थान कोणते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आम्ही गेलो नाही. "आम्हांस लोकांत उभे राहून धर्म सांगावयाचा असतो," एवढेच आम्ही तिला म्हणालो. मामाची जागा रिकामी राहिली. त्यानंतर राखी आली नाही, भाऊबीजही झाली नाही.

सातव्या वर्षी पंचमीचे कीर्तन आटोपून आम्ही घरी परतलो. देवघरातील नंदादीपात तेल घालता घालता सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "आपण दरवर्षी अंबाबाईला टेकडीवर पाठवता. आपल्याला मात्र मिरजेपर्यंत जाणे होत नाही." त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणे अधिक लागले.

त्या रात्री झोप आली नाही. फडताळातील 'स्मृतिचित्रे' आम्ही हाती घेतले. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. आजवर आम्ही ते त्यातील अस्सल मराठीसाठी वाचले होते. त्या रात्री प्रथमच ते एका कुटुंबाची कथा म्हणून वाचले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावचे. त्यांचा जन्म १८६१ चा. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला; त्याच पुढे लक्ष्मीबाई. टिळक कवी, संस्कृतज्ञ, वृत्तीने उदार, पण स्वभावाने तापट आणि संसारात बेभरवशाचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल होते. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असूनही संसार मोडला, पदरात लहानगा दत्तू, आणि आधार काय तो नातलगांचा! पंढरपुरात त्यांनी काढलेले दिवस वाचताना आजही डोळे पाणावतात.

येथे टिळकांची बाजू निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. घरधन्याने ध्येयासाठी घेतलेल्या निर्णयाचे मोल बहुधा घरच्या स्त्रीलाच द्यावे लागते. तसेच येथे झाले. परंतु पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. त्या काळी पतीचा शब्द हाच पत्नीचा धर्म मानला जाई. असे असूनही टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई काही वर्षांनी अहमदनगरास त्यांच्याकडे आल्या, त्या आपला आचार आणि आपला वेगळा स्वयंपाक सांभाळून. पतीचा देव एक, पत्नीचा देव दुसरा, आणि तरीही संसार एक! पुढे जातिभेद हा माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने दीक्षा घेतली. आपल्या मुलांबरोबर पोरक्या मुलांनाही या दांपत्याने घरात आसरा दिला.

अन्याय कोणी केला, सोसले कोणी, याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी लपविलेला नाही. पण तो त्यांनी मांडला आहे तो हसत हसत. पतीचे दोष सांगताना त्यांच्या लेखणीत विष उतरत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. त्याचे आरंभीचे सुमारे दहा अध्याय टिळकांचे. ज्यांना शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे साठांहून अधिक अध्याय रचले. मनात अढी असती तर हे काम हातून झाले असते काय?

आम्ही हिंदू आहोत आणि स्वधर्मातच आमचे समाधान आहे. टिळक दांपत्याच्या धर्मांतराचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या शिकवणुकीने त्यांच्या घराला हे वळण लावले, ती समजून घेण्यात कमीपणा कसला? आमची करवीर नगरी तरी तिला कोठे परकी आहे? रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने येथे कार्य आरंभिले ते १८५२ मध्ये. आणि मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयात या भागातील असंख्य रुग्णांनी, जातधर्म न पाहता, उपचार घेतले.

बायबलाच्या नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. देहत्यागाच्या आदल्या रात्री येशू भोजनावरून उठतो, कमरेला पंचा गुंडाळतो, परातीत पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे काम चाकराचे. पेत्र नावाचा शिष्य संकोचून नको म्हणतो, पण गुरू ऐकत नाही. विशेष हे की, थोड्याच वेळात जो विश्वासघात करणार आहे, तो शिष्यही त्याच पंगतीत बसलेला असतो. त्याला वगळलेले नाही. संत पौलाने करिंथ नगरीतील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तेराव्याच अध्यायात प्रेमाचे विवेचन आहे. अंतरी प्रेम नसेल तर थोर वक्तृत्वदेखील धातूचा पोकळ नाद ठरते, असा त्याचा आशय आहे. झांज वाजवून भक्ती सांगणाऱ्या आमच्यासारख्या कीर्तनकारास याहून झोंबणारे दुसरे काय असणार!

या निरपेक्ष प्रेमास मूळ ग्रीक ग्रंथात 'अगापे' असा शब्द आहे. आपल्याकडे नारदांनी भक्तिसूत्रांत भक्तीचे स्वरूप परमप्रेम असेच सांगितले आहे, आणि प्रियाच्या सुखात सुख मानणे ही त्याची खूण ठरविली आहे. संस्कृतात 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक माया, दुसरा तेल. नवरात्रातील अखंड दीप भक्तीने लागतो खरा, पण तो तेवत राहतो तो रात्री उठून कोणीतरी तेल घालते म्हणून. 'आज पाळी कुणाची' असे विचारीत बसणाऱ्या घरात तो पहाटेपर्यंत टिकत नाही.

विजयादशमीस धाकट्याने थोरल्याकडे जाऊन सोने द्यावे, अशी रीत आहे. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने घेऊन, रीत उलटी करून, आम्ही उभयता मिरजेच्या गाडीत बसलो. काय बोलावे याची मनाशी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. बहिणीने दार उघडले. क्षणभर ती पाहतच राहिली. मग आत वळून म्हणाली, "अगं, मामा आलेत. पाणी आणा पाय धुवायला."

पाणी घेऊन बाहेर आले ते आमचे भाचेजावई. सुट्टी म्हणून दोघेही तेथे आले होते. ज्याच्या विवाहास आम्ही पाठ दाखविली, तो तरुण पायरीवर खाली बसला आणि त्याने तांब्याने आमच्या पायांवर पाणी घातले. सासूच्या घरची रीत म्हणून त्याने ते केले. त्याच्या मनात दुसरे काही नसावे. आम्हांस मात्र तो तेरावा अध्याय आठवला, आणि जुळवून ठेवलेले एकही वाक्य ओठांवर आले नाही. "चुकलो," एवढेच म्हणालो. बहीण म्हणाली, "दादा, आधी जेवून घ्या." सात वर्षे विरघळली असे आम्ही म्हणणार नाही. विवाहातील रिकामी जागा कधी भरून येत नाही. परंतु त्या वर्षी भाऊबीज झाली आणि त्यानंतर ती चुकलेली नाही.

एक सावधगिरी सुचविणे अगत्याचे आहे. निःस्वार्थ प्रेमाचा हा उपदेश आजवर घरातील सुनांना आणि लेकींनाच फार झाला. सोसणे त्यांच्याकडे आणि मोठेपणा आपल्याकडे, ही वाटणी प्रेमाची नव्हे. अंबाबाईची कथा काय, येशूची काय, दोन्हींत वाकतो तो अधिकाराने श्रेष्ठ. सासूने सुनेपुढे, पित्याने पुत्रापुढे, थोरल्या भावाने धाकटीपुढे पहिले पाऊल टाकावे. अमुक केले तरच येऊ अशी अट घालू नये. जुना हिशेब काढू नये. तेथे जे ताटात येईल ते गोड मानून घ्यावे. आणि समोरच्याने दार लगेच उघडले नाही, तर पुन्हा जावे; देवीदेखील एकदाच जाऊन थांबलेली नाही.

या ललितापंचमीस आपण त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाल, कोहळ्याचा तुकडा श्रद्धेने घरी आणाल. तो देव्हाऱ्यात ठेवताना आपल्या घरातील बोलावणे राहून गेलेले माणूस कोण, याचे एकदा स्मरण करावे. दसरा अवघ्या पाच दिवसांवर असतो, आणि आपट्याची पाने पुरेशी मिळतात.