डाळभाजी: वर्धेकडचा भरला गंज

तूरडाळ, चणाडाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि भरपूर पालेभाजी एकत्र शिजवून त्यावर लसूण-मिरचीची फोडणी घातली की डाळभाजी होते. वरण पातळ आणि साधे असते, भाजी कोरडी असते. डाळभाजी या दोहोंच्या मधली, पण पोट भरण्यात दोहोंच्या पुढची. विदर्भातल्या लग्नाच्या पंगतीत ती मोठ्या गंजांतून, म्हणजे पातेल्यांतून, वाढली जाते आणि घरी रात्रीच्या जेवणाला तिच्यासोबत नुसता भात असला तरी पुरतो. युरोपातले कडधान्य-भाज्यांचे दाट सूप इटलीत मिनेस्ट्रोने म्हणून ओळखले जाते. रचनेने डाळभाजी त्याच जातीची आहे. फरक एवढाच की इकडे ती वाटीतून पिण्यापेक्षा भातावर घेतात किंवा तिच्यात भाकरी कुस्करतात.

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीकाठी पवनार लागते. या पट्ट्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. कपाशीत तुरीचे तास टाकण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे डाळ शेतकऱ्याच्या घरचीच असते. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा निघतात. त्यांतले हिरवे दाणे म्हणजे सोले. डाळीऐवजी सोले वाटून केलेला रस्सा ही वेगळी आणि अधिक चविष्ट गोष्ट आहे.

आहाराचा विचार या जिल्ह्यात गांभीर्याने झालेला आहे. वर्ध्यातल्या मगनवाडीत 1935 साली गांधीजींनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले आणि पालेभाज्यांच्या पोषणमूल्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिले. विनोबा 1938 साली पवनारला राहायला आले आणि 1959 साली त्यांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर हा आश्रम स्थापन केला. शेती, सफाई, स्वयंपाक ही कामे तिथल्या भगिनी स्वतः करतात. आज सोयाबीन या भागात मुबलक पिकते, पण बहुतेक तेलगिरणीकडे जाते. घरच्या गंजात तुरीचीच सत्ता आहे.

पाच माणसांसाठी 150 ग्रॅम तूरडाळ, 50 ग्रॅम चणाडाळ, मूठभर फल्लीदाणे आणि 300 ग्रॅम पालक पुरेसा होतो. आंबटचुका मिळाला तर पालकाचा चौथा हिस्सा त्याचा घ्यावा. चणाडाळ आणि दाणे किमान तासभर भिजवावे लागतात. तूरडाळ लवकर शिजते, तिला अर्धा तास पुरतो. तिन्ही एकत्र साधारण एक लिटर पाण्यात हळद घालून कुकरमध्ये शिजवतात. तूरडाळ गळली पाहिजे, चणाडाळ बोटाने दाबली जाईल इतकी मऊ हवी आणि दाणा अख्खा राहायला हवा. रवीने फार घोटले तर चव तीच राहते, पण दाताखाली काही येत नाही आणि डाळभाजीचे वैशिष्ट्यच जाते.

सगळ्यात जास्त चुका आंबटाच्या वेळेत होतात. चिंच, टोमॅटो, चुका यांतले आम्ल कडधान्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळू देत नाही. डाळ कच्ची असताना ते पडले की ती तासभर उकळूनही टणक राहते. जड पाण्यातल्या चुन्यानेही हेच होते, म्हणून काही विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशी तक्रार ऐकू येते. सोडा घातला तर डाळ मऊ होते, पण थायमिन नष्ट होते. जुनी डाळ जास्त वेळ भिजवणे हाच बरा उपाय. आंबट नेहमी डाळ गळल्यानंतर.

चिरलेला पालक शिजलेल्या डाळीत घालून झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटे उकळतात. त्याने हिरवा रंग टिकतो. मग चुका किंवा टोमॅटो, मीठ, तिखट. दाटपणा कमी वाटला तर चमचाभर बेसन पाण्यात कालवून सोडतात. फोडणीत तेल, मोहरी, जिरे, ठेचलेला भरपूर लसूण, सुकी लाल मिरची. लसूण तांबूस झाला की फोडणी लगेच ओतावी, काळा पडला तर कडू लागतो. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

भाज्या बदलता येतात. मेथी, चवळीचा पाला, दुधी, गाजर, सगळे चालते. डाळीऐवजी अख्खी बरबटी (चवळी), मटकी किंवा वाल घेतले तर ते रात्रभर भिजवावेत. राजमा मात्र सावधपणे वापरावा. त्याच्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारे लेक्टिन असते. भिजवलेले पाणी टाकून ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय ते जात नाही. मंद आचेवर कोमट शिजवलेला राजमा म्हणूनच धोक्याचा.

वाळलेल्या डाळींत साधारण 20 ते 25 टक्के प्रथिने असतात. त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनिन हे कमी. तांदूळ-ज्वारीत याच्या उलट. भात किंवा भाकरीसोबत खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. पालकातल्या आणि डाळीतल्या लोहाचे शोषण कमीच होते, पण ताटात लिंबू पिळले की त्यातल्या क जीवनसत्त्वाने ते वाढते.

रात्रभर राहिलेली डाळभाजी दुसऱ्या दिवशी घट्ट होते. तिच्यात उकळते पाणी घालून उकळी आणावी आणि लसणाची फोडणी नव्याने द्यावी. त्यातूनही उरली तर ती कणकेत मळून पराठे होतात, आणि ते मुलांच्या डब्यात परत येत नाहीत.