डिस्पोजलचे बूट : पायात घालण्याआधी वाचा

होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये खाड्‌ खाड्‌ आवाज आला की समजावे, कोणीतरी डिस्पोजलचे मिलिटरी बूट आणले. आणि चौथ्या दिवशी तोच गडी स्लीपर घालून लंगडत मेसला निघाला की समजावे, बूट चावला!

आमच्या पेडगावला (जि. परभणी) हे नाटक आधीच होऊन गेले आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि शेतीपंपाची लाईट रात्रीची. अंधारात सापाची भीती, म्हणून मी आण्णांसाठी जुन्या बाजारातून असे बूट नेले. पहिल्याच रात्री टाचेला रुपयाएवढा फोड. "हे बूट हायेत का जातं? पाय दळून निघाले की!" म्हणत त्यांनी जोडी खुंटीला टांगली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा चपलेवर दारं धरायला गेले. आई रात्रभर जागी. साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. खुंटीवरचा बूट तिथे काय कामाचा?

चूक बुटाची नव्हती, माझी होती. बूट विकत घेतल्याने आपला होत नाही, पायात रुळल्यावर होतो.

घेताना काय पाहावे?

आपल्या सैन्याचे बूट बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांपैकी एक म्हणजे कानपूरची ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी (2021 पासून ती ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडमध्ये आहे). एनसीसीवाल्यांच्या तोंडी असलेला 'डीएमएस' म्हणजे डायरेक्ट मोल्डेड सोल. यात रबराचा तळ साच्यात थेट वरच्या चामड्यावर ओतून पक्का करतात. शिलाई नसल्याने तिथून पाणी शिरत नाही. तोटा एकच, तळ सुटला तर मोच्यालाही सहज बसवता येत नाही.

म्हणून तळ वाकवून बघा, भेगा दिसतात का. तळ पॉलियुरेथेनचा असेल तर जास्तच सावध राहा. हवेतल्या ओलाव्याने तो नुसता ठेवून ठेवूनही कुजतो आणि चालता चालता भुगा होतो. वरून कोरा दिसणारा जुना माल असा फसवतो.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. चामडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत जवळजवळ नाही. अंगठा टेकत असेल तर "होईल सैल" या दुकानदाराच्या वचनावर जाऊ नका.

चावतो का?

चामडे म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे जाळे. बोटांच्या मागे जिथे बूट वाकतो तिथे हे तंतू पुन्हा पुन्हा वाकून मोकळे होतात, पायाची ऊब आणि घाम त्याला मदत करतात. तोपर्यंत कडक तळ वाकत नाही, टाच वर-खाली घासते आणि ओल्या कातडीचे थर एकमेकांवर सरकून फोड येतो. म्हणजे घर्षण आणि ओलावा हे दोन शत्रू.

पंधरा दिवसांचा कार्यक्रम

पहिले तीन दिवस खोलीतच, रोज अर्धा तास. मग आठवडाभर मेस आणि लायब्ररीपर्यंत. त्यानंतर अर्धा दिवस. लांबचे चालणे पंधरा दिवसांनंतरच. आत पातळ मोजा आणि वर जाड लोकरी मोजा घाला, म्हणजे घर्षण दोन मोज्यांत होते, कातडीवर नाही. टाच लाल दिसली की फोडाची वाट न पाहता चिकटपट्टी लावा.

तेल बेताने लावा. एरंडेल हवेत वाळत नाही, त्याचा पातळ हात चालतो. पण आपल्या भागात घरोघर असणारी करडई आणि जवस नकोत. जवसाचे तेल तर वाळून कडक होते, म्हणूनच ते रंगात वापरतात. आणि तेलात बुचकळून काढाल तर बूट लोळागोळा होईल.

बूट गरम पाण्यात भिजवण्याचा सल्लाही ऐकू नका. ओले चामडे तापले की आक्रसते. भिजलेला बूट चुलीशी किंवा हीटरजवळ ठेवू नये तो याचसाठी. आत जुनी वर्तमानपत्रे कोंबा, ओली झाली की बदला, सावलीत वाळवा.

एक सावधगिरी. बूट घाला, पण फौजी गणवेश घालून मिरवू नका. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख करणे हा गुन्हा आहे.

आण्णांची जोडी मी खुंटीवरून काढली आणि हाच कार्यक्रम अंगणात सुरू केला. ते रोज संध्याकाळी कुरकुरत अर्धा तास फिरायचे. तिसऱ्या आठवड्यात लाईटची पाळी रात्रीची आली तेव्हा बूट घालूनच गेले, सोबत बॅटरी आणि काठी. बुटाने साप टळतोच असे नाही, पण उघड्या पायापेक्षा घोट्यावरचे चामडे केव्हाही बरे.

आता तेच मला शिकवतात, "घालायच्या आधी बूट उपडा करून झटकत जा. आत इंचू बसतो." होस्टेलमध्ये विंचू नसेल, पण रूममेटने लपवलेला मोजा नक्की निघेल!