दवाखान्याच्या विम्याचे पैसे म्हणजे उसाचे बिल नव्हे



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की त्याचे काय करावे, हे तुम्हाला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. सोसायटीचे कर्ज वजा जाऊन जे हाती उरते ते तुमच्या घामाचे. मुलीचे लग्न करा, विहिरीचा गाळ काढा, नाही तर पोराला मोटारसायकल घ्या. पण अलीकडे त्याच खात्यावर आणखी एक रक्कम येऊ लागली आहे, ती आरोग्य विम्याची. तीही उसाच्या बिलासारखीच समजून खर्चून टाकायची सवय काही घरांत पडू पाहते आहे. ही सवय घराला कशी महाग पडते, एवढेच आम्हाला येथे सांगायचे आहे.

सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी आणली. तेव्हापासून दवाखान्याच्या खर्चाच्या कोणत्याही विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. या विम्याचे तत्त्व सोपे आहे: झालेला खर्च भरून द्यायचा, त्यावर नफा होऊ द्यायचा नाही. तो दोन तऱ्हेने मिळतो. एक बिनरोखीचा, म्हणजे कंपनी परस्पर दवाखान्याला पैसे देते. दुसरा परताव्याचा, म्हणजे आधी आपण बिल भरायचे आणि मग कागद पाठवून पैसे परत मागायचे. घोटाळा होतो तो बहुधा या दुसऱ्या तऱ्हेत.

समजा, एका सभासदाच्या घरी ऑपरेशन झाले. बिल ८० हजार. घरात ३० हजार होते, उरलेले ५० हजार पतसंस्थेतून शेकडा १४ टक्क्यांनी काढले. दोन महिन्यांनी विम्याचे ६८ हजार आले. तोवर दुखणे मागे पडलेले, आणि नेमकी बोअरची मोटार जळालेली. मग भावकीतले एखादे लग्न निघाले. पैसे गेले. पतसंस्थेचे ५० हजार मात्र तसेच राहिले, आणि वर्षाला ७ हजार व्याज चढू लागले. म्हणजे विमा असूनही आजाराचे कर्ज डोक्यावरच! पुढे हप्ता भरायला पैसे नाहीत म्हणून पॉलिसी बंद पडली, तर पुढच्या दुखण्याला काय करायचे? अहो, ते ६८ हजार खात्यावर येण्याआधीच त्यांचा धनी ठरलेला होता. ज्याच्या पैशाने बिल भागले, त्याचे ते पैसे. गावच्या डॉक्टरने किंवा औषधाच्या दुकानदाराने विश्वासाने उधारी ठेवली असेल, तर पहिला मान त्यांचा. त्यांना बुडवले तर पुढच्या अडल्या पेशंटला कोण उधार देईल?

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. अपघात विमा, गंभीर आजाराचे निदान होताच मिळणारी ठोक रक्कम, दवाखान्यात राहिल्याचा ठरावीक रोजचा भत्ता, हे पैसे बिलाच्या हिशेबाने मिळत नाहीत. ते कसे खर्चावेत हा घरचा प्रश्न. आपली पॉलिसी कोणत्या जातीची आहे, हे आधी वाचून किंवा वाचून घेऊन समजून घ्यावे.

आता याहून वाईट गोष्ट. काही ठिकाणी एजंट म्हणवणारे लोक सांगतात, “नुसती सही द्या, दोन दिवस दाखल झाल्याचे कागद आम्ही करतो, निम्मे पैसे तुमचे.” कोणी औषधांची बिले फुगवतो, कोणी एकच बिल दोन कंपन्यांकडून पुरे वसूल करू पाहतो. दोन पॉलिसी असतील तर पहिलीतून न भागलेली बाकी दुसरीकडे मागता येते, हे कायदेशीर आहे. पण ८० हजारांच्या बिलाचे १ लाख ६० हजार मागणे ही सरळ फसवणूक झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तर पेशंटच्या हाती रोख द्यायचा प्रश्नच येत नाही. पैसे दवाखान्याला जातात. तेव्हा आपले रेशनकार्ड वा आधारकार्ड दुसऱ्याच्या उपचाराला देऊ नये. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच उठवू नये.

“कंपनीचे पैसे, आपले काय जाते?” असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर काट्यावरचेच आहे. पाचट, वाढे, माती तशीच मोळीत बांधून गाडी भरली तर वजन भरते खरे. पण उतारा घसरतो, आणि दर साऱ्या सभासदांचा पडतो. विम्याची पेटीही अशीच सामाईक असते. सगळ्यांच्या हप्त्यांतून ती भरते. खोटे दावे वाढले की पुढच्या वर्षी हप्ता वाढतो आणि खऱ्या पेशंटच्या कागदांचीही कसून तपासणी सुरू होते.

खोटेपणा सिद्ध झाला तर पॉलिसीचे लाभ जातात, भरलेला हप्ता जातो आणि घेतलेले पैसे परत द्यावे लागतात. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की ‘जुना आजार लपवला’ एवढ्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण बनवाबनवी सिद्ध झाल्यास हे संरक्षणही उरत नाही. फौजदारी खटला होऊ शकतो, तो वेगळाच.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे. होता होईल तो बिनरोखीची सोय घ्यावी. परताव्याचे पैसे आले की त्याच आठवड्यात उसनवारी, पतसंस्था आणि दुकानदार यांची देणी फेडून पावती घ्यावी. घरचे पैसे घातले असतील तर तेवढी रक्कम पुढच्या हप्त्यासाठी वेगळी ठेवावी. बिलांच्या नकला जपून ठेवाव्यात. आणि खरा दावा नाकारला गेला तर गप्प बसू नये: आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभरात दाद लागली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आपल्या हक्काचा पैसा सोडू नये, आणि दुखण्याच्या पैशाला दुसरी वाट दाखवू नये, एवढीच सभासदांना कळकळीची विनंती.