पावाची वेणी

"उद्या आपण हल्ला करायचा!" असं मी म्हटलं आणि माझी भाची दचकलीच. "कुणावर गं, आत्या?"

मैद्यावर! हल्ला हे ज्यू लोकांच्या पावाचं नाव. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस सुरू होतो. त्या जेवणात युरोपातले ज्यू वेणी घातलेले दोन पाव मांडतात. दोन कशाला? त्यांच्या पूर्वजांना वाळवंटात मान्ना नावाचं अन्न मिळायचं आणि शुक्रवारी ते दुप्पट मिळायचं, अशी त्यांच्या धर्मग्रंथातली गोष्ट आहे.

आपल्या रायगडातलेच ज्यू म्हणजे बेने इस्रायल. मराठी बोलणारे, पेणकर, रोहेकर अशा आडनावांचे. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आमच्या कर्जतहून पनवेल काही लांब नाही. तिथलं त्यांचं बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचं आहे. पण त्यांच्या शब्बाथच्या ताटात वेणीचा पाव नसे. चपाती नाहीतर भाकरी असे. आपला मुलूखच भाताचा! कर्जतच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या भाताच्या वाणाचं नावसुद्धा 'कर्जत-३' आहे.

"मग तांदळाच्या पिठाचीच वेणी घालू या की!" भाची म्हणाली.

घातली. म्हणजे घालायला गेलो. थंड पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या पिठाचा पेड उचलला की मोडायचा. मैद्याचा मात्र सापासारखा लांबायचा, वर सोडला की थोडा आखडायचा.

असं का, हे तुम्हीही पाहू शकता. मैद्याचा घट्ट गोळा अर्धा तास भिजत ठेवा आणि पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळा. पाणी दुधासारखं होईल, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी हातात करडा, चिवट, च्युइंगगमसारखा गोळा उरतो. त्याचं नाव ग्लूटेन. गव्हातल्या ग्लायडिनमुळे तो ताणला जातो, ग्लूटेनिनमुळे मागे ओढला जातो. तांदळाचा गोळा असाच धुतला, तर तो सगळाच पाण्यात विरून जातो.

"पण मोदकाला कळ्या पडतात ना!"

काय नेमकं विचारलं पोरीनं! मोदकाला आपण उकड काढतो. उकळत्या पाण्यात तांदळाचा स्टार्च फुगतो, चिकट होतो, म्हणून पारी वळते. पण हवा कोंडून धरणारं रबरी जाळं त्यात नसतं.

पावात ती हवा भरतं यीस्ट. ही एकपेशीय बुरशी. एका मिलिमीटरच्या रांगेत शंभराहून जास्त पेशी मावतील. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. ग्लूटेनच्या जाळ्यात त्याचे बुडबुडे अडकतात. कर्जतच्या उकाड्यात आमचं पीठ तासाभरात फुगून पातेल्याच्या काठाला आलं!

तीन पेड वळले, भाचीनं स्वतःच्या केसांसारखी वेणी घातली. वेणी पुन्हा जराशी फुगू दिली, वरून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवला आणि ती ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर आली ती चकचकीत तपकिरी. फक्त पेडांच्या मधे पांढुरक्या रेघा होत्या.

"इथं अंडं लावायचं राहिलं," भाची म्हणाली. राहिलं नव्हतं. लावलं तेव्हा ती जागा आत दडलेली होती. ओव्हनच्या उष्णतेनं बुडबुडे आणखी फुगले, पेड एकमेकांपासून सरकले, आणि आतलं पीठ तेव्हा कुठे बाहेर डोकावलं.