पियानोच्या हातोड्यांची छाटणी व जिगची रचना

पियानोच्या तारांवर आघात करणारी हातोडी म्हणजे लाकडी गाभ्यावर फेल्ट मढवून तयार केलेला एक लहानसा अवयव होय. पूर्वी हातोड्या चामड्याने मढवीत. पॅरिस येथील वाद्यकार झाँ-आँरी पाप याने १८२६ मध्ये त्यासाठी फेल्टचा उपयोग केला. आजच्या पियानोत सामान्यतः ८८ हातोड्या असतात.

जुन्या ग्रँड पियानोसाठी आणलेला नवा संच पुष्कळदा अर्धसिद्ध असतो. प्रत्येक हातोडीस दांडीसाठी छिद्र पाडणे, तिच्या बाजू निमुळत्या करणे, शेपटी योग्य लांबीवर कापणे व तिला गोलाई देणे, ही कामे कर्मशाळेतच करावयाची असतात. यांत झालेली चूक वादकास तत्काळ जाणवते. तरफेच्या योगाने हातोडीच्या वजनातील एका ग्रॅमचा फरक पट्टीवर सुमारे पाच ग्रॅमांचा होतो. शेपटीची गोलाई बिघडल्यास परतणारी हातोडी बॅकचेकमध्ये घट्ट धरली जात नाही. ती उसळून तारेवर पुन्हा आदळण्याचा संभव असतो.

एकच कृती ८८ वेळा अचूक घडावी, यासाठी जिगची योजना केली जाते. तथापि जिगची अचूकता करवतीच्या धारेपेक्षा, हातोडी कोणत्या आधारावर बसविली जाते, यावर अधिक अवलंबून असते. फेल्ट मऊ असल्यामुळे दाबाखाली चेपते. म्हणून त्यावरून घेतलेले माप दर वेळी निराळे येते. याउलट दांडीचे छिद्र हेच हातोडीचे वाद्यातील स्थान निश्चित करते. म्हणून प्रथम छिद्र पाडावे व पुढील सर्व मापे त्यावरूनच घ्यावीत. आधीच्या कापावरून पुढचा काप मोजीत गेल्यास चुकांची बेरीज होत जाते.

कोणत्याही घन वस्तूला सरकण्याच्या तीन व फिरण्याच्या तीन अशा सहा हालचाली शक्य असतात. छिद्रात चपखल बसणारी लांब खुंटी त्यांपैकी चार रोखते. खुंटीच्या बुडाशी असलेला खांदा पाचवी, आणि लाकडी बाजूस टेकणारा अडसर सहावी. याहून अधिक आधार दिल्यास ते परस्परांशी झगडतात व हातोडी नेमकी कोठे टेकली, हे अनिश्चित राहते. खर्जाच्या तारा तिरप्या ताणलेल्या असल्याने तेथील छिद्रे कलती असतात. त्यास्तव खुंटीचा कल बदलण्याची सोय आवश्यक ठरते. गोलाईसाठी हीच खुंटी एका फिरत्या भुजेवर बसवून शेपटी घासचकतीसमोरून नेतात. भुजेच्या आसापासून चकतीपर्यंतचे अंतर हीच गोलाईची त्रिज्या होय. हातोडी जिगने धरल्यामुळे बोटेही पात्यापासून दूर राहतात.

कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही. म्हणून नवा संच हाती घेण्यापूर्वी जुन्या, टाकाऊ हातोड्यांवर जिगची परीक्षा करणे अवश्य आहे. एकच हातोडी काढून पुन्हा बसविली असता काप त्याच जागी येतो की नाही, हीच त्या परीक्षेची खरी कसोटी होय.