अंतऱ्यातील सही

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत निवेदक गायकाचे नाव सांगतो, गुरूंचे आणि घराण्याचे सांगतो, तबल्यावर व पेटीवर कोण आहे ते सांगतो; राग आणि तालही सांगतो. जी रचना पुढचा तासभर गायिली जाणार ती कुणाची, एवढे मात्र सांगावे असे त्याला वाटत नाही, आणि ते विचारावे असे श्रोत्यांनाही वाटत नाही. ख्यालगायनाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. कारण येथे कर्त्याने आपले नाव बहुधा रचनेतच गुंफून ठेवलेले असते.

ख्यालाच्या बंदिशीची अंगे दोन, स्थायी आणि अंतरा. ‘सदारंग’, ‘अदारंग’, ‘मनरंग’ या मुद्रा सहसा अंतऱ्यात येतात. सदारंग म्हणजे नियामत खाँ. १७१९ ते १७४८ या काळात दिल्लीच्या तख्तावर असलेल्या महंमदशहाच्या दरबारातील हा बीनकार. गायकांच्या मागे बसून साथ करण्याची आज्ञा झाली, ती त्याला अपमानास्पद वाटली, तो दरबार सोडून गेला आणि पुढे शिष्यांच्या मुखातून ऐकलेल्या त्याच्या ख्यालांनी बादशहा पुन्हा प्रसन्न झाला, अशी कथा गवयांच्या वर्तुळात सांगतात. तीत इतिहास किती आणि रंजन किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी पक्क्या आहेत. अनेक बंदिशींत सदारंगाच्या नावाशेजारी महंमदशहाचेही नाव येते. आणि नादिरशहाने १७३९ साली दिल्ली लुटली त्या सुमारास दख्खनमधून तेथे गेलेल्या दर्गाह कुली खाँने आपल्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या फारसी वृत्तांतात नियामत खाँच्या बीनवादनाची मनापासून स्तुती केली आहे. तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटविले ही दंतकथा शाळकरी मुलालाही पाठ असते. ज्याच्या रचना आजही शिकाऊ गायकाच्या गळ्यात बसविल्या जातात, तो नियामत खाँ मात्र अनोळखी राहतो.

पुढच्या पिढ्यांनीही मुद्रेची ही रीत सोडली नाही. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ झाले, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. बडे गुलाम अली खाँ यांनी ‘सबरंग’ हे नाव घेतले, जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणीदास’. पंडित भातखंडे आपल्या लक्षणगीतांत ‘चतुर’ म्हणून डोकावतात. आपली रचना आपल्या नावानिशी टिकावी अशी या सर्वांची इच्छा होती, हे उघड आहे.

आणि आज नेमका अंतराच गळतो. विलंबित ख्यालात स्थायीचा मुखडा धरून पाऊण तास विस्तार चालतो. अंतरा घाईने उरकला जातो किंवा टाळलाच जातो. गंमत अशी की, तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत कित्येक गवयांनी स्थायी आणि अंतरा दोन्ही बसविले. तासाभराच्या मैफलीत तेवढी सवड सापडत नाही. १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गौहरजानने गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. परदेशी तबकडी तयार करणाऱ्यांना गाणे कुणाचे हे कळावे, म्हणून ही तजवीज होती. गाणाऱ्याच्या नावाची सोय झाली, रचणाऱ्याची राहून गेली.

ख्यालात शब्द स्वरांना टेकण्यापुरतेच असतात, असे यावर सांगितले जाते. असे म्हणणाऱ्यांत मोठे कलावंतही आहेत, तरी ते पटत नाही. सम कुठल्या अक्षरावर येते, मुखडा कोणत्या स्वरावरून उठतो, यातच रागाचा चेहरा उमटलेला असतो. जुने उस्ताद बंदिशी लपवून ठेवीत ते उगीच नव्हे. भातखंड्यांना (१८६०–१९३६) वकिली बाजूला सारून गावोगाव हिंडावे लागले, उस्तादांची मनधरणी करावी लागली, तेव्हा कुठे ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध होऊन शेकडो बंदिशी वाचल्या. आता मुद्रा हा काही निर्णायक पुरावा नव्हे. प्रतिष्ठेसाठी सदारंगाचे नाव घालून इतरांनीही रचना केल्या असे जाणकार मानतात. पण शहानिशा व्हायची तर ते नाव आधी ऐकू तरी आले पाहिजे!

कर्नाटक संगीतात चित्र निराळे आहे. १८४७ साली निवर्तलेल्या त्यागराजांची आराधना तिरुवैयारु येथे दरवर्षी होते, आणि लहानमोठे गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. तेथील श्रोत्याला कृती कुणाची हे बहुधा ठाऊक असते. आपल्या रंगभूमीनेही हे भान ठेवले होते. ‘संगीत सौभद्र’च्या छापील प्रतीत पदांवर मूळ चालीचा निर्देश असे, आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली भास्करबुवा बखल्यांच्या, हे नाट्यरसिक अभिमानाने सांगतो. मग ख्यालाच्याच वाट्याला हे अनामिकपण का यावे?

रागाबरोबर रचनाकाराचे नाव सांगण्यास निवेदकाला अर्धे मिनिटही लागणार नाही. कर्ता अज्ञात असेल तर ‘पारंपरिक’ म्हणावे, पण शोध घेऊन मग म्हणावे. संगीताच्या परीक्षांत वादी-संवादी विचारतात, तसा बंदिशीच्या कर्त्याविषयीही एखादा प्रश्न असावा. आणि श्रोत्यांनी, मध्यंतरात चहा घेताना का होईना, ‘बुवा, ही चीज कुणाची?’ असे गायकाला विचारण्यास आरंभ करावा. बहुतेक गायकांना ते ठाऊक असते. कुणी विचारणारे आहे असे दिसले, तर पुढच्या खेपेस ते अंतराही म्हणतील.